तंबू टिकतो कशावर?

दिवाळी सरली की पवनेच्या परिसरात, भंडारदऱ्याच्या काठावर तंबूत राहायला जाणाऱ्या कुटुंबांची गर्दी सुरू होते. भाड्याच्या तंबूत दोन-तीनदा राहून झालं, की आपला स्वतःचा एक तंबू असावा असं वाटू लागतं. मग शोधाशोध सुरू होते आणि समोर आकड्यांचा ढीग येतो: 190 टी, 75 डी, 2000 मिमी, 8.5 मिमी, 4 माणसांचा. दिसायला सारख्याच दोन तंबूंच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. या आकड्यांमागचं विज्ञान कळलं, तर बेताच्या पैशांत वर्षानुवर्षं साथ देणारा तंबू निवडता येतो.

सुरुवात वजनापासून करू. तंबू महाग होतो तो प्रामुख्याने हलकेपणामुळे. हिमालयात पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्याला शंभर ग्रॅमही जड वाटतात. म्हणून त्याच्यासाठी अतिशय तलम नायलॉन आणि अॅल्युमिनियमचे पोल वापरले जातात आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. आईवडील, दोन मुलं, सामान असा लवाजमा मात्र गाडीनेच मुक्कामाच्या जागेपर्यंत जातो. तंबू दोन-तीन किलोंनी जड असला तरी काही बिघडत नाही. हलकेपणावरचा खर्च वाचवला, की तोच पैसा मजबुतीकडे वळवता येतो.

कापड: स्वस्त तेच योग्य

कापडाच्या धाग्याची जाडी 'डेनिअर'मध्ये मोजतात. 9000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. 75 डी म्हणजे एवढ्या लांबीच्या धाग्याचं वजन 75 ग्रॅम. 190 टी हा आकडा विणीचा आहे: एका चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून 190.

नायलॉन वजनाच्या मानाने जास्त ताकदवान असतं, पण त्याचे रेणू हवेतलं पाणी धरून ठेवतात. सामान्य दमट हवेत नायलॉन स्वतःच्या वजनाच्या सुमारे 4 टक्के ओलावा शोषतं. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. ओलं नायलॉन सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेलं बाहेरचं कापड पहाटे दवाने लोंबकळून आतल्या कापडाला टेकतं. पॉलिएस्टर ताण धरून ठेवतं आणि उन्हातही नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. कौटुंबिक तंबूसाठी ते स्वस्तही आहे आणि योग्यही.

तरीही ऊन कोणत्याच कापडाला सोडत नाही. अतिनील किरण धाग्यातल्या बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) लांब साखळ्या तोडतात आणि कापड हळूहळू ठिसूळ होतं. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की अतिनील किरणांची तीव्रता साधारण 10 टक्क्यांनी वाढते. म्हणून तंबू सावलीत लावावा. दिवसभर फिरायला जायचं असेल आणि सावली नसेल, तर तो उतरवून ठेवावा.

पाणी: गुडघ्याखालचा दाब

2000 मिमी म्हणजे काय? कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून तो वाढवत नेला, तर 2000 मिमी उंचीपर्यंत पाणी पाझरत नाही. नीट ताणलेल्या छताला 1500 ते 2000 मिमी साधारणपणे पुरतात, कारण पाऊस त्यावरून ओघळून जातो. तळाचं गणित वेगळं आहे. 60 किलोंचा माणूस एका गुडघ्यावर टेकला आणि गुडघ्याचं क्षेत्र 60 चौरस सेंटिमीटर धरलं, तर दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार पडतो. हा दाब सुमारे 10 मीटर, म्हणजे 10,000 मिमी पाण्याच्या स्तंभाइतका आहे! बेताच्या किमतीच्या तंबूचा तळ 3000 मिमीचा असला, तरी ओल्या जमिनीवर गुडघ्याखालून पाणी वर येतं. उपाय सोपा आहे: पाणी साचणार नाही अशी जागा निवडायची, तळाखाली ताडपत्री घालायची आणि आत मॅट टाकायची, म्हणजे भार पसरतो. ताडपत्रीच्या कडा मात्र तंबूबाहेर डोकावू देऊ नयेत, नाहीतर छतावरून उतरणारं पाणी थेट तळाखाली येतं.

शिवणीवर सुईने पाडलेली छिद्रं असतात. त्यांवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे खरेदीच्या वेळी बोट फिरवून पाहावं. छापील आकड्यापेक्षा ही खूण जास्त बोलकी आहे.

वारा आणि पोल

मे महिन्यात काजवे पाहायला गेलेल्या कुटुंबाला वळीव गाठतो, तेव्हा पावसाआधी वारा येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 किलोमीटरचा वारा समोरच्या एक चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलोंचा रेटा देतो, 80 चा वारा 30 किलोंचा. आत उभं राहता येईल इतका उंच तंबू सुखाचा असला, तरी वाऱ्यासमोर त्याचं क्षेत्र मोठं असतं. म्हणून उंचीचा मोह आवरलेला बरा.

सगळा भार शेवटी पोलवर येतो. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 8.5 मिमीऐवजी 11 मिमीचा पोल घेतला, तर व्यास तीन मिलिमीटरनेही वाढत नाही, पण ताठपणा सुमारे पावणेतीन पट होतो. फायबरग्लास ताण सहन होईनासा झाला की एकदम चिरफाळतो. अॅल्युमिनियम बहुधा आधी वाकतं आणि सरळ करून वेळ निभावता येते. वाचवलेले पैसे घालायची पहिली जागा हीच. अॅल्युमिनियम परवडत नसेल, तर जाड फायबरग्लास आणि सोबत एक सुटा दांडा घ्यावा.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. सह्याद्रीच्या पठारांवर बेसॉल्टचा आणि कोकणच्या सड्यांवर जांभ्याचा कातळ असतो, त्यात खुंट्या शिरत नाहीत. तिथे खुंट्यांशिवाय स्वतःच्या पोलवर उभा राहणारा घुमटाकार तंबू उपयोगी पडतो. त्याचे दोर मोठ्या दगडांना बांधावे लागतात. दोर न बांधलेला घुमट उभा दिसतो, पण वाऱ्यात कोलमडतो.

चार माणसांत दोन माणसं

'4 माणसांचा' म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून कसेबसे मावतात, प्रत्येकी साधारण 60 सेंटिमीटर रुंदी. चौघांच्या कुटुंबाने सहा जणांचा तंबू घ्यावा. जागेइतकीच हवाही लागते. चार जणांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे एक लीटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. थंडीच्या रात्री ती वाफ गार कापडावर थेंब होऊन जमते, आणि तंबू गळतो असं वाटतं. आत जाळीचं आणि बाहेर वेगळं कापड असलेला दोन थरांचा तंबू, छताजवळच्या झरोक्यासह, घेतला तर थेंब बाहेरच्या थरावरच राहतात. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करू नयेत. कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह तर आत अजिबात नेऊ नये: त्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्यांना त्याची चाहूलही लागत नाही.

खरा शत्रू कपाटात

अनेक तंबू वादळात फाटण्याऐवजी कपाटात मरतात. कापड जलरोधक करणारा पॉलियुरेथेनचा लेप ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की विघटित होतो. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्या तोडतात. याला जलअपघटन म्हणतात. मग लेप चिकट होतो, पापुद्रे सुटतात, कुबट वास येतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ओला गुंडाळलेला तंबू यातून सुटत नाही. म्हणून परतल्यावर तंबू उलगडून सावलीत पूर्ण वाळवावा, चिखल साध्या पाण्याने पुसावा आणि पिशवीत कोंबण्याऐवजी सैल घडीत कोरड्या जागी ठेवावा. चेनवर अडकलेली वाळू दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावी, कारण वाळूच रनर झिजवते.

नवा तंबू घेतला की पहिल्या सहलीआधी गच्चीवर किंवा अंगणात तो उभारून नळीने पाणी मारावं. गळणारी शिवण तिथेच दिसली, तर परत देण्याची मुदत हातात असते. हलकेपणाचा मोह टाळून पोल आणि शिवणींवर पैसे घातले आणि दर मुक्कामानंतर तंबू वाळवला, तर बेताच्या पैशांतला तंबूही मुलं मोठी होईपर्यंत साथ देऊ शकतो.