मागाहून आलेला सोबती : पेंद्या आणि स्क्रॅपी-डू

जिंतूर परिसरात हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते व त्यात कृष्णाच्या सवंगड्यांसमवेत पेंद्याचीही आठवण निघते. वस्तुतः हे पात्र कथेत मागाहून आलेले होय. भागवताच्या दशम स्कंधात श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण अशी गोपांची नावे आढळतात; पेंद्या मात्र मराठी संतवाङ्मयात व पुढे गौळणीत वाढला. असे असूनही त्यास कोणी उपरा मानीत नाही. मागाहून आलेला सोबती एका कथेत लाडका, तर दुसरीत नकोसा का ठरतो, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह आहे.

नकोशा सोबत्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील एका कार्टूनमालिकेत सापडते. चार तरुण व स्कूबी-डू नावाचा भित्रा कुत्रा यांच्या रहस्यकथांची ही मालिका हॅना-बार्बेरा या संस्थेने १९६९ साली सुरू केली. दहा वर्षांनी प्रेक्षक ओसरू लागले, तेव्हा १९७९ मध्ये स्कूबीचा धीट भाचा स्क्रॅपी-डू तीत आणण्यात आला. त्याच्यामुळे प्रेक्षक परतले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तथापि १९८० मध्ये मालिकेला लघुकथांचे रूप देताना फ्रेड, डॅफ्नी व वेल्मा ही तीन जुनी पात्रे वगळली गेली. पुढे स्क्रॅपीविषयीची नावड इतकी सर्वश्रुत झाली की, २००२ च्या चित्रपटात त्यास चक्क खलनायक करण्यात आले.

या नावडीचे कारण केवळ नवेपणात शोधणे योग्य होणार नाही. मूळ मालिकेतील विनोद भीतीवर उभा होता. भूत दिसताच स्कूबी व त्याचा मित्र शॅगी धूम ठोकीत आणि प्रेक्षक हसत. भुतावरच धावून जाणारा भाचा आला, तेव्हा त्या विनोदाचा पायाच डळमळला. शिवाय जुन्या सोबत्यांची जागाही त्यानेच व्यापली.

पेंद्याचे कार्य याच्या उलट आहे. तो पांगळा व भोळा असल्यामुळे मागे पडतो. त्याच्यासाठी कृष्णास थांबावे लागते, आणि या थांबण्यातच कृष्णाचे सख्य प्रकट होते. काल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र होतात. पेंद्याच्या येण्याने कोणाचीही शिदोरी बाजूस सारली जात नाही.

सारांश, नव्या पात्रामुळे जुन्यांच्या स्वभावास अधिक वाव मिळतो की त्यांचा संकोच होतो, हीच त्याच्या स्वीकाराची खरी कसोटी होय. प्रेक्षकसंख्येचा तात्कालिक आकडा ही कसोटी लावू शकत नाही.