मोरचुदाच्या पाण्यातला थेंब

बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेलं असोदा जळगावला अगदी खेटून आहे. अशा गावात शाळेत नाहीतर मंदिराच्या सभामंडपात रक्तदान शिबिर लागलं, की टेबलावर निळ्याशार पाण्याची बाटली दिसते. शेतकऱ्याला त्या निळ्या रंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. बोर्डो मिश्रणासाठी जे मोरचूद तो चुन्याबरोबर कालवतो, तेच यात विरघळवलेलं असतं. बोट टोचून काढलेला थेंब त्यात सोडतात. पाण्याची घनता अशी बेतलेली असते, की हिमोग्लोबिन 12.5 किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब 15 सेकंदांत सरळ तळ गाठतो. कमी असेल तर तो मध्येच घुटमळतो, वर येतो. रांगेत उभं राहून, पदर खोचून पुढे आलेल्या कितीतरी बायांना हा थेंब माघारी धाडतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. इतरांना द्यायला निघालेल्या बाईला स्वतःलाच पुरेसं नाही, हे तिथे कळतं, आणि ते मनाला लागतं.

थेंब बुडाला की पुढचं काम दहा मिनिटांचं. जळगावची रेडक्रॉस किंवा माधवराव गोळवलकर रक्तपेढी अशी शिबिरं घेते. पिशवी साधारण 350 मिलिलिटरची असते. यंत्रात फिरवून तिच्यातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या काढता येतात. प्लेटलेट 5 दिवसच टिकतात. त्यामुळे ‘मागच्या महिन्यातच तर शिबिर झालं’ हे रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या रुग्णाच्या कामाचं नसतं.

खान्देशाला या पिशव्यांची गरज आणखी एका कारणानं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरकडच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. विळ्यासारखी वाकलेली पेशी 10 ते 20 दिवसांतच मोडते, आणि वाटेत बारीक वाहिन्या तुंबवून असह्य कळा आणते. बाहेरून दिलेलं रक्त वेळ मारून नेतं. सदोष पेशी घडवणारा कारखाना मात्र हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत चालूच असतो. तो बदलणं म्हणजे मज्जा प्रत्यारोपण.

इथे प्रश्न येतो जुळणीचा. रक्ताच्या जुळणीतलं एक फार अवघड उदाहरण मुंबईतच सापडलं. 1952 साली केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांपुढे असे रुग्ण आले, ज्यांना ‘ओ’ गटाचं रक्तही चालेना. ‘ओ’ रक्तात जो ‘एच’ नावाचा पाया असतो, तोच यांच्यात नव्हता. हा ‘बॉम्बे’ रक्तगट भारतात साधारण 10 हजारांत एकाचा. मे 2024 मध्ये शिर्डीचा एक फूलविक्रेता हेच रक्त द्यायला सुमारे 440 किलोमीटर गाडीनं इंदूरला गेला आणि एका तरुणीचा जीव वाचला.

मज्जेची जुळणी याहून चिवट. तिथे रक्तगट वेगळा असला तरी चालतं. जुळावे लागतात सहाव्या गुणसूत्रावरचे एचएलए जनुक. पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले तरी सोयरीक होते. इथे 10 पैकी 10 जुळले तर उत्तम. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. हल्ली आईवडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, पण त्यात जोखीम अधिक. घरात कुणीच नसेल तर परक्या दात्याचा शोध सुरू होतो. पिढ्यानपिढ्या आपल्याच समाजात लग्नं झाल्यानं जुळणारा माणूस बहुधा त्याच समाजात मिळतो. जगभरच्या नोंदवह्यांत 4 कोटींहून अधिक दाते आहेत; भारतात ‘दात्री’ ही संस्था 2009 पासून अशी नोंदणी करते, तरी आपला आकडा काही लाखांतच अडकला आहे. खान्देशातल्या रुग्णाचा दाता जर्मनीच्या यादीत मिळण्यापेक्षा खान्देशातच मिळण्याची आशा जास्त. मात्र त्यासाठी इथल्या तरुणांची नावं यादीत हवीत.

नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की पुरे. अनेकांची नावं वर्षानुवर्षं नुसती यादीतच राहतात. बोलावणं आलंच, तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात. त्यामुळे मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी गाळल्या जातात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. तीन-पाच तासांचं काम. त्या दिवसांत अंग दुखतं, हाडं ठणकतात. हे लपवू नये. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढावी लागते. मज्जेसाठी पाठीच्या कण्याला कुणी सुई लावत नाही, तरी घरची माणसं नेमकी त्याच भीतीनं मुलाला अडवतात. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

भारतातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण मार्च 1983 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणीच्या पोलिओमुळे ते स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करत. रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेल्या 9 वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. नवी मज्जा रुजली की पुढचं सगळं रक्त तीच घडवते; दात्याचा गट वेगळा असेल तर रुग्णाचा रक्तगटही हळूहळू बदलतो. भावाची मज्जा रुजलेल्या अशा बहिणीच्या, राखी बांधणाऱ्या हातातून थोडं रक्त काढून तपासलं, तर पांढऱ्या पेशींत वाय गुणसूत्र सापडतं, भावाचं.