मुखत्यारपत्र आणि मोजमाप पुस्तिका

पुण्यातील पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल १८६० च्या दशकाअखेर शहरात असंतोष वाढत गेला आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे, स्वदेशीचा पुरस्कार, दुष्काळातले काम एवढे या सभेविषयी बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या घटनेतला एक नियम मात्र विस्मरणात गेला आहे. सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारी आणली होती. मतदानाचा हक्क जवळजवळ कोणालाच नव्हता त्या काळी, आपण कोणाच्या वतीने बोलतो याचा लेखी पुरावा जवळ ठेवूनच सरकारशी बोलायचे, असे या मंडळींनी ठरवले. पुढे जमीनमहसुलाचा प्रश्न हाती घेतला तेव्हाही सभेने आधी चौकशी केली, माहिती गोळा केली आणि मगच तोंड उघडले. १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची हकिकत प्रतिनिधींकडून मागवून ती सरकारपुढे ठेवली.

आज आपल्या शहरांत नागरिकांच्या गटांची वाण नाही. खड्डे, तुंबलेली गटारे, अवेळी येणारे पाणी, न उचललेला कचरा यांवर प्रत्येक उपनगरात कोणीतरी बोलत असते, निवेदने देत असते. तरीही यांतले बहुतेक गट दोन-तीन वर्षांत विरतात. याचे कारण लोकांची उदासीनता असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. गट विरतो तो बहुधा दोन उणिवांमुळे. त्याच्याकडे रागाला आधार देणारा कागद नसतो, आणि कागद असलाच तर तो एका-दोघांच्या कपाटात असतो. ज्यांच्या नावाने गट बोलतो ती माणसे त्या कागदापर्यंत कधी पोहोचलेलीच नसतात. सार्वजनिक सभेने मुखत्यारी आणि माहिती या दोहोंची सांगड घातली होती. स्थानिक कारभाराला जाब विचारणारा कोणताही गट टिकायचा तर ही सांगड त्याला नव्याने घालावी लागेल, असे माझे म्हणणे आहे.

कागद म्हणजे नेमके काय, हे एका रस्त्याच्या उदाहरणाने पाहू. वॉर्डातल्या एखाद्या गल्लीचे डांबरीकरण होते तेव्हा आपल्याला रोडरोलर दिसतो आणि चार दिवस धूळ दिसते. त्यामागे कागदांची मोठी साखळी असते. अंदाजपत्रकात त्या कामासाठी तरतूद होते. पुण्यात ती कधी नगरसेवकांच्या 'स' यादीतून येते, तर कधी दुसऱ्या कामाचे पैसे 'वर्गीकरण' करून इकडे वळवले जातात. मग पूर्वगणनपत्रक तयार होते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो. काम झाल्यावर कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि थराची जाडी लिहितो, वरिष्ठ ती तपासतो आणि त्या आकड्यांवर ठेकेदाराचे देयक निघते. शेवटी येतो दोषदायित्वाचा कालावधी. ठरलेल्या वर्षांत रस्ता उखडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. या साखळीत सामान्य माणसाला सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत उपयोगी अशी दोन स्थाने आहेत : मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्वाची यादी. पुस्तिकेत लिहिलेली लांबी कोणीही टेप धरून मोजू शकतो. आणि आपल्या भागातला कोणता रस्ता कोणत्या तारखेपर्यंत ठेकेदाराच्या जबाबदारीत आहे याची यादी हाती असेल, तर 'खड्डा बुजवा' या विनंतीची जागा 'हा खड्डा महापालिकेच्या पैशातून बुजवू नका, ठेकेदाराकडून बुजवून घ्या' ही मागणी घेते. विनंतीला आश्वासन देऊन वाटेला लावता येते. या मागणीला लेखी उत्तर द्यावे लागते, कारण त्यात कोणाचे तरी पैसे अडकलेले असतात.

हे कागद मिळवण्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ साली केला, केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. या कायद्यातल्या माहितीच्या व्याख्येपाशी बहुतेक अर्जदार थांबतात. अधिकाराची व्याख्या त्याहून मोठी आहे. कलम २(ञ) नुसार नागरिकाला कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. कलम ४ प्रमाणे पुष्कळशी माहिती तर कोणी न मागताच प्रसिद्ध करायची असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा निर्णय काढला. त्यामागे पुणे महापालिकेत रुळलेल्या पद्धतीचा अनुभव होता. अर्जाचे दहा रुपये, प्रतीचे पानामागे दोन रुपये, हा खर्च एखाद्या गृहनिर्माण संस्थेलाही जड नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल चिंतेचा आहे, कारण व्यक्तिगत माहितीचे कारण पुढे करून नावे असलेला कागद नाकारणे त्यामुळे सोपे झाले. तरीही एखाद्या कामाची लांबी, जाडी आणि दर ही काही कोणाची खाजगी बाब होऊ शकत नाही.

मग एकटा, चिकाटीचा अर्जदार पुरेसा का नाही? तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जमीन व्यवहारांतले गैरप्रकार ते माहिती अधिकाराच्या आधारे उघडकीस आणत होते. माहिती एका माणसापाशी साठते तेव्हा त्या माणसाला गप्प केले की माहितीही गप्प होईल, असा हिशेब करणारे निघतात. तीच माहिती दोनशे माणसांसमोर वाचून झाली असेल तर त्या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने ही गोष्ट माहितीचा कायदा नसतानाच ओळखली होती. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे त्यांनी पहिली जनसुनावणी भरवली. विकासकामांचे हजेरीपट आणि देयके गावासमोर मोठ्याने वाचली गेली, आणि ज्यांची नावे त्यात होती त्यांनी उठून सांगितले की आपण त्या कामावर गेलोच नव्हतो. तज्ज्ञाला जे शोधायला महिने लागले असते ते गावाने बसल्या बसल्या तपासले. लिहिता-वाचता न येणारा माणूसही इथे लेखापरीक्षक झाला, कारण आपण कुठे राबलो आणि किती मजुरी मिळाली हे त्याला पक्के ठाऊक होते. गल्लीतल्या रस्त्याचेही तसेच आहे. मुरूम किती पडला, डांबर कोणत्या दिवशी ओतले, रात्री पाऊस असताना काम चालू होते की नाही, हे तिथल्या टपरीवाल्याला अभियंत्यापेक्षा नेमके माहीत असते. पण त्याच्यासमोर पुस्तिका वाचली गेली तरच त्याच्या माहितीला मोल येते.

यावर पहिला आक्षेप लोकप्रतिनिधींकडून येतो : आम्हाला लोकांनी निवडून दिले आहे, तुम्ही कोण? हा आक्षेप हलक्याने झटकण्यासारखा नाही. मतपेटीतून आलेल्या अधिकाराला स्वयंघोषित मंडळींनी डावलावे, असे लोकशाहीत कोणीच म्हणू नये. परंतु ज्या घटनादुरुस्तीने नगरसेवकाला आजचे स्थान दिले, तिनेच नागरिकांसाठीही जागा ठेवली. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, आणि महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींची सोय केली. या जागा बऱ्याचदा पक्ष कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी वापरल्या गेल्या, हा दोष तरतुदीचा नाही. २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली. खेड्यातल्या ग्रामसभेला समांतर अशी मतदारांची सभा शहरातही भरावी, ही तिच्यामागची कल्पना. ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. त्यात भर म्हणजे २०१७ च्या निवडणुकीपासून मुंबई वगळता मोठ्या महापालिकांत चार-चार नगरसेवकांचा प्रभाग आला, आणि गटाराची तक्रार चौघांपैकी कोणाकडे न्यायची हे मतदाराला कळेनासे झाले. पुढे २०२२ मध्ये मुदती संपल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई-पुण्यासारख्या महापालिका प्रशासकाच्या हाती राहिल्या. त्या काळात 'तुम्ही कोण' हा प्रश्न विचारायलाही निवडून आलेले कोणी नव्हते. हजारो कोटींची अंदाजपत्रके एका अधिकाऱ्याच्या सहीने मंजूर होत होती. अशा वेळी गटाकडे शे-दोनशे घरांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र असेल, ते दरवर्षी नव्याने घेतलेले असेल आणि कोणत्या विषयापुरते आहे हे त्यावर लिहिलेले असेल, तर त्याचे बोलणे कोणालाही सहज उडवून लावता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो, आणि तो जोतीराव फुल्यांनी सार्वजनिक सभेवरच घेतला होता. नाव सार्वजनिक, पण शूद्रातिशूद्रांना तिथे स्थान कुठे, हा त्यांचा सवाल होता. स्वतः फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याला त्यांनी विरोध केला. म्हणजे जाब विचारणे त्यांना अमान्य नव्हते. कोणाच्या वतीने आणि कोणत्या खर्चाविषयी, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. त्यांचा सवाल आजही तितकाच लागू आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधून १९९० च्या दशकात मुंबईत परिसर व्यवस्थापनाची चळवळ सुरू झाली, कचऱ्याच्या वर्गीकरणासारखी मोलाची कामे तिने केली. पण अशा गटांचा ओढा पुष्कळदा सोसायट्यांकडे राहिला, आणि फेरीवाले व झोपडवस्ती हे गटाचे सभासद न होता तक्रारीचे विषय झाले, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. ती मला रास्त वाटते. यावरचा उपाय सदिच्छेत सापडणार नाही, गटाच्या हद्दीत सापडेल. गटाची हद्द सोसायटीच्या कुंपणाऐवजी मतदान केंद्राच्या यादीनुसार आखली की वस्ती आपोआप आत येते. मुखत्यारपत्रावर तिच्या सह्या लागतात, आणि पहिला विषय सुशोभीकरणाऐवजी सार्वजनिक स्वच्छतागृह किंवा कंत्राटी सफाई कामगारांचे थकलेले वेतन असू शकतो. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने काय केले ते पाहावे. कचरावेचक स्त्रियांनी संघटना बांधली, आपल्या कामाची किंमत पटवून दिली आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढून महापालिकेशी घरोघरच्या कचरा संकलनाचा करार केला. महापालिकेला जाब विचारण्यासाठी इंग्रजी निवेदन आणि निवृत्त अधिकाऱ्याचे नाव लागते, ही समजूत या स्त्रियांनी खोटी ठरवली.

तिसरा आक्षेप महापालिकेच्या कचेऱ्यांत दबक्या आवाजात ऐकू येतो : माहिती मागवून पैसे उकळणारे वाढले आहेत. असे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खंडणी तेव्हाच शक्य होते जेव्हा कागद मागणाऱ्याला तो दाबून ठेवता येतो. अर्ज करायचा ठराव बैठकीच्या इतिवृत्तात असेल, उत्तर आल्यावर ते पुढच्या बैठकीत वाचायचेच असा नियम असेल, तर विकायला काही उरत नाही. प्रामाणिक अभियंत्यालाही याचाच आधार मिळतो. ठेकेदाराच्या दडपणाखाली तो जे बोलू शकत नाही ते सभेत वाचले जाते.

रचनेचा धडा घ्यायचा तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) इतके चांगले उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत बसवली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारांना बोलवावे, कायदा समजून घ्यावा. निर्णय मात्र गट घेत नाही, तो ग्रामसभाच घेते. शहरातल्या गटात हे दोन्ही एकाच चौघा-पाचांकडे असते, म्हणून ज्याला कायदा कळतो तोच पुढारी होतो आणि तो थकला की गट थकतो. निवडणूक लढवण्याचा मोहही इथेच आवरावा लागतो. २००७ मध्ये जुहूच्या नागरिकांनी सहमतीने उभे केलेले अॅडॉल्फ डिसूझा मुंबई महापालिकेत निवडून आले, ही घटना उमेद देणारी होती. पण गटाने आपला माणूस सभागृहात पाठवला की त्याच्याकडे हिशेब कोण मागणार? उमेदवारी करणाऱ्याने गटाचे पद सोडावे आणि गटाने त्यालाही इतरांच्याच मापाने मोजावे, इतके अंतर राखलेच पाहिजे.

नवा गट बांधणाऱ्याने पहिल्या वर्षी एकच प्रभाग आणि एकच विषय घ्यावा, असे मी सुचवीन; रस्ते घेतले तर दोषदायित्वाच्या यादीपासून सुरुवात करावी. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी छोटी कामे सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांपर्यंत. बहुतेक जण बाके आणि दिवे सुचवून थांबतात. गेल्या वर्षी सुचवलेल्यांपैकी कोणती कामे धरली गेली, कोणाची तरतूद वर्गीकरणात दुसरीकडे गेली आणि कोणती खरोखर झाली, याचा तक्ता एका प्रभागापुरता केला तरी तो सभेत वाचण्याजोगा असतो. त्या सभेला नगरसेवकांना आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना आठ दिवस आधी लेखी बोलवावे, तक्ताही आधीच द्यावा, म्हणजे कोणाला बेसावध गाठल्याचे होणार नाही. ते आले नाहीत तर त्यांच्या खुर्च्या मोकळ्या ठेवून वाचन पुरे करावे आणि इतिवृत्ताची प्रत आवक क्रमांक घेऊन कार्यालयात द्यावी. क्षेत्रसभा कायद्यात असून भरत नाहीत, त्या भरवा ही मागणी शासनाकडे अधूनमधून जातच असते. दहा प्रभागांतले गट अशा सभा स्वतःहून नियमाने भरवू लागले आणि त्यांची इतिवृत्ते सोबत जोडून हीच मागणी पुढे आली, तर लोक येणार नाहीत ही सबब शासनाला देता येणार नाही.