संगणकाच्या पडद्यावर चित्रकथा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांच्या पोथ्या सांभाळल्या आहेत. पोथीतील एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरावयाचे, वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गाऊन सांगावयाची आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र उचलावयाचे, अशी ही पद्धत. रामायण-महाभारतातील आख्याने या रीतीने सांगितली जात. या परंपरेच्या जतनासाठी आयुष्य वेचणारे पिंगुळीचे श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथीची पोथी आणि आजचे चित्रकथा-पुस्तक यांत एक गोष्ट समान आहे. कथेतील असंख्य क्षणांपैकी कोणते चित्रात आणावयाचे आणि कोणते वगळावयाचे, याची निवड दोन्ही ठिकाणी करावी लागते. पोथीत वगळलेला भाग निवेदकाचा कंठ भरून काढतो. छापील चित्रकथेत ते काम दोन चौकटींमधील कोरी पट्टी करते. एका चौकटीत उगारलेली काठी आणि पुढच्या चौकटीत फुटलेला माठ दाखविला, की मधला आघात वाचक स्वतःच पाहतो. विल आयस्नर या अमेरिकन चित्रकाराने १९८५ मधील आपल्या ग्रंथात या प्रकाराला क्रमबद्ध कला म्हटले, तर स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये त्या कोऱ्या पट्टीचे सविस्तर विवेचन केले. चित्रकथा शिकू इच्छिणाऱ्याने साधनांकडे वळण्यापूर्वी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण निवडीचे हे काम कोणतेही यंत्र शिकवीत नाही.

महाराष्ट्रात १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ घरोघरी पोचला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी मुंबईत अमर चित्र कथा सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या मराठी चित्रकारांची या मालेतील चित्रे देशभर पाहिली गेली. ही मंडळी कागदावर पेन्सिलीने आखणी करीत, नंतर टाक आणि ब्रशने शाईकाम करीत. चुकलेली रेषा पांढऱ्या रंगाने झाकावी लागे, चौकटच फसली तर नवा कागद घ्यावा लागे. चांगला कागद, शाई, ब्रश हे सारे खर्चाचे काम होते आणि तालुक्याच्या गावी ते सहज मिळतही नसे.

कागदाकडून पडद्याकडे

पडद्यावर रेषा काढण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅड हा कार्यक्रम तयार केला. त्यात प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येत असे. चित्रकथेच्या क्षेत्रात १९८५ मधील ‘शॅटर’ ही कथा पहिले मोठे पाऊल मानली जाते. माईक साएन्झ यांनी ती मॅकिन्टॉश संगणकावर माऊसच्या साहाय्याने रेखाटली होती. त्या चित्रांतील रेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसते. माऊसने चित्र काढणे म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखे होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे हातात धरावयाची लेखणी आणि तिचा दाब ओळखणारी पाटी आली आणि ही अडचण दूर झाली. पेन टॅबलेट या नावाने ओळखली जाणारी ही पाटी संगणकाला जोडतात. लेखणी हलकी टेकली तर रेषा बारीक येते, दाब दिला तर जाड होते. साध्या पाटीवर पडदा नसतो. हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, अशी सवय करावी लागते. प्रारंभी रेषा भलतीकडे जाते, परंतु काही आठवडे नियमित सराव केल्यास हात आणि डोळा यांचा मेळ बसतो. ज्या पाटीत पडदाच असतो ती अनेक पटींनी महाग असते आणि शिकाऊ विद्यार्थ्याला तिची गरज नाही. शाळेच्या संगणक कक्षातील यंत्र, काही हजार रुपयांची साधी पाटी आणि ‘क्रिता’सारखा विनामूल्य कार्यक्रम एवढ्यावर सुरुवात होते. २००५ मध्ये प्रथम वितरित झालेला क्रिता हा मुक्त स्वरूपाचा कार्यक्रम असून तो कितीही संगणकांवर बसविता येतो. त्यासाठी परवाना शुल्क नाही.

संगणकावरील चित्रणाचा खरा लाभ थरांमध्ये आहे. लेयर म्हणजे पारदर्शक कागद. सर्वांत खालच्या थरावर कच्चे रेखाटन, त्यावर नेटकी आखणी, त्यावर शाईची रेषा, रेषेखाली सपाट रंग, मग छाया आणि सर्वांत वर संवादफुगे व अक्षरे, अशी रचना केली जाते. छाया बिघडली तर तेवढाच थर पुसावा, रेषेला धक्का लागत नाही. पान आखताना त्याचे आकारमान मात्र आधीच ठरवावे लागते. छपाईसाठी इंचाला किमान ३०० बिंदू लागतात. म्हणजेच ए-४ आकाराचे पान सुमारे २४८० बाय ३५०८ बिंदूंचे होते. निव्वळ काळ्या रेषेच्या कामाला इंचाला ६०० बिंदू घेणे चांगले. पुष्कळ नवशिके लहान आकारात काम करतात. पडद्यावर ते छान दिसते आणि छापून आल्यावर रेषा फुटलेली आढळते.

थरांचा अभ्यास करावयाचा असेल तर फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय यांची ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथामाला हाताशी आहे. २०१४ पासून ही माला क्रिताच्या साहाय्याने तयार होत असून तिच्या मूळ थरयुक्त फाईली कोणालाही विनामूल्य घेता येतात. थर एकामागून एक बंद करीत गेले, की तयार चित्रामागील कच्ची आखणी दिसू लागते. कसलेल्या कारागिराच्या खांद्यावरून डोकावण्याची ही संधी पूर्वी फक्त त्याच्याकडे उमेदवारी करणाऱ्यालाच मिळत असे.

सराव आणि त्यातील धोके

चूक पुसणे फुकट झाले, हे वरदान आहे तसे संकटही. कागदावर शाईची रेषा ओढताना हात निर्णय घेण्यास शिकतो. पडद्यावर तीच रेषा पन्नास वेळा काढून पन्नास वेळा मागे घेता येते आणि तास संपतो तेव्हा एक नाकच पूर्ण झालेले असते. दुसरा धोका चित्र मोठे करून पाहण्याचा. पापणीचा केस रंगविण्यात गुंतलेल्या मुलाला त्या व्यक्तीचा डावा हात उजव्यापेक्षा लांब झाला आहे, हे दिसतच नाही. यावर साधे उपाय आहेत. पान वेळोवेळी पूर्ण दिसेल इतके लहान करावे, आरशातल्याप्रमाणे उलटे करून पाहावे म्हणजे तोल गेलेला चटकन लक्षात येतो, आणि रंग काढून केवळ काळ्या-करड्या छटांत चित्र वाचता येते की नाही ते तपासावे. रेषेचा कंप कमी करणारी सोय बहुतेक कार्यक्रमांत असते. तिचा अतिरेक केला तर सर्वांच्या रेषा सारख्याच गुळगुळीत दिसू लागतात.

एकच देखणे चित्र महिनाभर रंगविण्यापेक्षा चार पानांची लहानशी कथा पूर्ण करणे अधिक फलदायी ठरते. कथा पूर्ण करताना नावडत्या गोष्टीही काढाव्या लागतात. पाठमोरा माणूस, सायकल, दाराची चौकट, पाण्याची घागर उचलणारे हात, एकाच व्यक्तीचा चेहरा वीस वेळा आणि प्रत्येक वेळी ओळखू येईल असा. प्रगती होते ती येथेच. संगणक सुरू करण्यापूर्वी साध्या वहीत आगपेटीएवढ्या आकाराची पाने आखून चौकटींचा क्रम ठरविला, तर पुढचे पुष्कळ श्रम वाचतात.

या बाबतीत महाराष्ट्रातील शाळांकडे एक तयार पाया आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएटमध्ये, स्मरणचित्र हा विषय असतो. आठवडी बाजार, पाणवठा, बसस्थानक असे प्रसंग विद्यार्थी स्मरणाने रेखाटतात. असा प्रसंग सहा चौकटींत मांडावयास लावला की चित्रकथेचा पहिला धडा झाला. एरवी घडते असे, की इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या मुलाचे चित्रकलेशी असलेले नाते वाढीव गुण पदरात पडताच संपते. ज्यांचे संपत नाही, ती मुले मोबाईलवर जपानी चित्रकथांचे धडे पाहून मोठ्या डोळ्यांच्या आकृत्या काढू लागतात. अनुकरणाने हात तयार होतो, त्यात गैर काही नाही. परंतु जपानी चित्रकथेच्या चौकटी उजवीकडून डावीकडे वाचल्या जातात. त्या क्रमाने आखलेल्या पानावर मराठी संवाद घातले, की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर अशी गंमत होते. शिवाय नऊवारीचा काष्टा किंवा डोक्यावरचा भारा तोलताना मानेला येणारा ताण तेथील धड्यांत नसतो. तो गावातच पाहून वहीत उतरवावा लागतो.

देवनागरी अक्षरांची अडचण

मराठी चित्रकथेत सर्वाधिक उपेक्षित भाग अक्षरांचा. रोमन लिपीसाठी आखलेल्या फुग्यात देवनागरी मजकूर मावत नाही. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा व रफार, खाली उकार, यांमुळे दोन ओळींत अधिक अंतर ठेवावे लागते. म्हणून मजकूर आधी लिहून, त्याला लागणारी जागा राखून मगच आकृत्या बसवाव्यात. चित्र पूर्ण करून उरलेल्या कोपऱ्यात फुगा कोंबणे ही सार्वत्रिक चूक आहे. काही चित्रण-कार्यक्रमांत जोडाक्षरे तुटतात, ‘प्रश्न’ या शब्दाचे अवयव सुटे होतात. अशा वेळी अक्षरांचे काम ‘इंकस्केप’ या विनामूल्य कार्यक्रमात करता येते. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने केलेला ‘बालू’ किंवा हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’ हे मुक्त परवान्याचे टंक फुग्यांत शोभतात. ज्याचे अक्षरलेखन चांगले आहे त्याने टंक न वापरता वेगळ्या थरावर हातानेच लिहावे, ते सर्वांत उत्तम.

ग्रामपंचायतीची भिंत

ही कला मनोरंजनापुरती मर्यादित नाही. दिल्लीच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने सामान्य माणसांकडून भित्तिचित्रकथा करवून घेण्याची पद्धत रूढ केली आहे. चार चौकटी, काळा-पांढरा रंग, ए-४ चे दोन कागद जोडून होणारा मोठा कागद आणि साध्या झेरॉक्सच्या प्रती, एवढेच तिचे भांडवल. चित्रकाराचे कौशल्य बेताचे असले तरी चालते, कारण प्रश्न त्याच्या स्वतःच्या गावाचा असतो. संगणकावर केलेल्या अशा पानाचा फायदा हा, की संवादांचा थर बदलून तेच चित्र अहिराणीत, कोरकूत वा गोंडीत वापरता येते. पाणीपट्टी, हातपंपाभोवतीची डबकी, मुलींची गळती यांवर शाळेतील मुलांनीच चार चौकटी केल्या आणि त्या पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर लागल्या, तर छापील परिपत्रकापेक्षा त्या अधिक वाचल्या जाण्याची शक्यता आहे. मात्र पाट्या खरेदी करून कपाटात कुलूपबंद ठेवावयाच्या असतील तर खरेदीच न केलेली बरी. एक पाटी आणि तिच्यावर रोज पाळीपाळीने बसणारी दहा मुले, हा हिशेब अधिक योग्य.

अलीकडे शब्दांत वर्णन दिले असता यंत्रच चित्र तयार करून देते. मग हात कशाला शिकवावयाचा, असा प्रश्न पालक विचारतात. याचे एक उत्तर कायद्याच्या बाजूने मिळाले आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेबाबत निर्णय देताना लेखिकेचा मजकूर व मांडणी यांना संरक्षण दिले, परंतु यंत्राने निर्माण केलेल्या चित्रांना नाकारले. तो निर्णय भारताला लागू नाही. तथापि हाताने काढलेल्या रेषेवरील हक्काबाबत आपल्याकडे संदिग्धता नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार कलाकृतीचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहते. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. शाळा, पंचायत वा संस्था एखाद्या होतकरू चित्रकाराकडून काम करून घेते, तेव्हा मोबदला, मुदत आणि चित्रावर त्याचे नाव या तीन गोष्टी कागदावर आणाव्यात. मूळ थरयुक्त फाईल कोणाजवळ राहील हेही त्यातच लिहावे, कारण पुढे एखादा संवाद दुरुस्त करावयाचा झाला तर छापलेल्या पानाचा उपयोग होत नाही, तीच फाईल लागते.