नाव लागलं तर हक्क सांगता येतो

नोंदीची किंमत शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. बापजाद्यांपासून जमीन कसली, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्जाला अडतं. तृतीयपंथीयांचा लढाही अशाच नोंदीचा आहे. जत्रेत टाळी वाजवून मागणारी माणसं, एवढीच त्यांची ओळख आपण धरून बसलो. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १५ एप्रिल २०१४ रोजी त्यांना कायद्याने ओळख दिली. पुढे २०१९ मध्ये संसदेने कायदा केला.

हा कायदा गावात कसा पोचला, ते जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकला दिसलं. डिसेंबर २०२० मध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून छाननीत तो बाद झाला. दुसरं कुणी गप घरी बसलं असतं. त्या थेट औरंगाबाद खंडपीठात गेल्या. आपला परभणी जिल्हाही त्याच खंडपीठाखाली येतो. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने स्त्री म्हणून त्यांचा अर्ज घ्यायला सांगितलं. त्याच महिन्यात मतदान झालं आणि त्या निवडूनही आल्या.

"असं झालं तर उद्या कुणीही बाईच्या जागेवर फॉर्म भरील," असं पारावर कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. न्यायालयानेही ती ध्यानात घेतली होती. संधी साधण्यासाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, असं अंजली पाटील यांचं निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतलं.

त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ (ता. माळशिरस) गावाने ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे यांना थेट सरपंच निवडलं. तिथं गावानंच कौल दिला.

आता आपल्या वालूरचं बघू. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. त्याला बसायला जागा आणि बोलायला वेळ मिळालाच पाहिजे. मग तो पाण्यावर बोलो की घरकुलावर. निवडणुकीचं काम पाहणाऱ्यांनी छाननीआधी तहसीलमधून चालू नियम लेखी मागून घ्यावेत, कारण नियम बदलत असतात. ऐकीव माहितीवर अर्ज बाद केला, तर ज्याचा अर्ज गेला त्याला पदरचं भाडं घालून कोर्टाची पायरी चढावी लागते. तेवढी ऐपत प्रत्येकाची नसते.