दोघांचा गोंधळ

प्रयोगशील संगीतकार जोड्यांवर लिहा, असं संपादक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचे स्टुडिओ असणार. मी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरची वाट धरली. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे हे गाव ठाऊक असतं. मला मात्र एका लग्नघरी गोंधळ्यांच्या जोडीनं घातलेला गोंधळ बघायचा होता.

गोंधळाचा इतिहास मोठा आहे. १२ व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात गोंडली नृत्य येतं. रा. चिं. ढेरे यांनी ‘लोकसंस्कृतीचे उपासक’मध्ये गोंधळ घालणाऱ्या देवीच्या उपासकांचा, म्हणजे गोंधळ्यांचा, मागोवा घेतला. तुळजाभवानीचे ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती, आणि परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळाला अंगणाबाहेर नाव मिळवून दिलं.

चौक भरला, घट बसला, दिवटी पेटली. नाईकांच्या, म्हणजे मुख्य गोंधळ्याच्या, साथीला संबळ आणि तुणतुणं. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन तोंडं: एक खर्जातलं, एक चढं, दोन काठ्यांपैकी एकीचं टोक वाकडं. तुणतुण्याला तार एकच. ती एकाच सुरावर अडून बसते, म्हणून संबळाला हवं तितकं हुंदडता येतं.

पण मला खिळवून ठेवलं करपल्लवीनं. आख्यान थांबतं. बैठकीतला एक जण नाईकांच्या कानात नाव सांगतो. नाईक तोंडातून शब्द काढत नाहीत, नुसते हात हलवतात, आणि लांब उभा असलेला जोडीदार ते नाव खड्या आवाजात सांगून मोकळा होतो. म्हाताऱ्या बायका पदराआड हसतात, पोरं जादू समजतात.

जादू नाही, वर्णमाला आहे. नागाचा फणा म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे ट-वर्ग, झाड म्हणजे त-वर्ग. पुढच्या वर्गांनाही अशाच खुणा. आधी वर्ग दाखवायचा, मग बोटांनी त्यातलं कितवं अक्षर ते, आणि चुटक्यांनी मात्रा. ‘जगन’ सांगायचं तर चक्र आणि तीन बोटं, कमळ आणि तीन बोटं, झाड आणि पाच बोटं. हे सगळं दिवटीच्या हलत्या उजेडात, गाण्याची लय न मोडता. खुणा तासाभरात पाठ होतील. एकाच्या हाताच्या वेगाला दुसऱ्याचा डोळा सरावायला मात्र वर्षं लागतात.

अडचण इथंच आहे. रात्रभराचा गोंधळ आता वरात आणि डीजेच्या मधल्या तासाभरात कोंबला जातो. आवाहन, एखादं पद, आरती; करपल्लवीला सवडच उरत नाही. जोडीतला धाकटा कामासाठी शहरात गेला, की थोरल्याचे हात मुके होतात. संबळाला दुसरा वादक मिळेल, पण खुणा वाचणारा दुसरा डोळा भाड्यानं मिळत नाही. शासनाचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन एकेकट्याच्या नावानं मिळतं. ते हवंच, पण ही कला एकट्याची नाही. शिकवणारा आणि शिकणारा अशा जोडीला मिळून काही दिलं, तरच ती पुढच्या हातांत जाईल.

तुमच्या घरी गोंधळ घालायचा असेल, तर सुपारी देतानाच करपल्लवी मागा, तिच्यासाठी वेळ राखा, आणि बिदागी दोघांच्याही हातात द्या.