'पेड' आणि 'पेयेबल'

ज्याला इंग्रजी येत नाही, त्याचीही आज इंग्रजी शब्दांशी गाठ पडते. पुण्याला जाऊन बियाणे घ्या, नाहीतर पंपाचे सामान घ्या. हाती बिल येते आणि त्यावर हे शब्द असतात. त्यांतले दोन आम्ही आज सांगतो.

दोन्ही शब्द एकाच घरचे. मूळ शब्द 'पे'. 'पे' म्हणजे पैसे देणे. ते क्रियापद आहे. बँकेच्या चेकवर नावाच्या आधी 'पे' छापलेले असते. 'अमक्याला पैसे द्या' असा तो बँकेला हुकूम.

'पेड' म्हणजे दिलेले. 'पेयेबल' म्हणजे द्यायचे. आपल्या बोलण्यातच पाहा. 'पेरलेले रान' आणि 'पेरायचे रान'. धातू एकच, पण एका रानातले काम उरकले, दुसऱ्यातले बाकी आहे. तसेच हे. दोन्ही शब्द रकमेविषयी जास्त माहिती सांगतात, म्हणून ती विशेषणे. मात्र 'पेड' हे क्रियापदही होते. 'त्याने पैसे दिले' यातले 'दिले' इंग्रजीत 'पेड'च. 'पेयेबल' तसे होत नाही.

भेद एवढासा, पण त्यात घामाचा पैसा अडकतो. पैसे मोजले आणि कागदावर 'पेयेबल'च राहिले, तर उद्या तेच पैसे पुन्हा मागतील. उलट, आपले पैसे यायचे असताना 'पेड' लिहिलेल्या कागदावर सही केली, तर पैसे पोचले असे आपणच लिहून दिले!

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले. दंगा गावोगाव पसरला. लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले. किती फेडले, किती उरले, हे वाचता न येणाऱ्याला कसे कळावे? पुढे १८७९ साली कायदा झाला. कर्जाचे पैसे भरताच शेतकऱ्याला लेखी पावती दिली पाहिजे, असे त्यात ठरले.

आपल्याला कागद जाळायचा नाही, वाचायचा आहे. पैसे मोजले की लगेच उठू नका. शिक्का पाहा. 'पेड' असेल तर कागद जपून ठेवा. नसेल तर 'पैसे मिळाले' असे मराठीत लिहून मागा. खाली सही आणि तारीख घ्या. मराठीतली पावतीही तेवढीच पक्की असते.